अँटेनाचं मल्टी-ऑब्जेक्टिव्ह ऑप्टिमायझेशन: महिना खाणाऱ्या या चुका टाळा

तासगावच्या द्राक्षबागेत ओलावा मोजणारा सेन्सर नोड बसवायचा, असा प्रोजेक्ट सांगली-मिरजेच्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी घेणं साहजिकच. नोड बोलणार ८६६ मेगाहर्ट्झच्या आसपास. तिथे तरंगलांबी जवळपास ३५ सेंटीमीटर आणि डबी जेमतेम तळहाताएवढी. अँटेना लहान करत गेलं की बँडविड्थ (अँटेना नीट चालते तो फ्रीक्वेन्सींचा पट्टा) आणि कार्यक्षमता दोन्हींवर गदा येते. व्हीलर आणि चू या संशोधकांनी १९४७-४८ मध्येच ही मर्यादा मांडली. त्यामुळे ‘सगळ्यात भारी’ असं एकच डिझाइन मिळत नाही, मिळते ती तडजोडींची रांग, म्हणजे पॅरेटो फ्रंट. ती शोधणं म्हणजेच मल्टी-ऑब्जेक्टिव्ह ऑप्टिमायझेशन. ते करताना वेळ कुठे वाया जातो ते बघू.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक म्हणजे एनएसजीए-टू (पिढीगणिक डिझाइन्स सुधारत नेणारा जेनेटिक अल्गोरिदम) थेट फुल-वेव्ह सिम्युलेटरला, म्हणजे विद्युतचुंबकीय समीकरणं पूर्ण सोडवणाऱ्या संथ सॉफ्टवेअरला, जोडून देणं. कल्याणमय देब आणि सहकाऱ्यांचा २००२ चा हा अल्गोरिदम उत्तमच आहे, दोष त्याचा नाही. पण हिशेब करा: ५० ची पॉप्युलेशन, १०० पिढ्या, म्हणजे ५००० सिम्युलेशन. एकाला १० मिनिटं धरली तरी ३४-३५ दिवस, तेही मधे लाइट गेली नाही तर. अल्गोरिदम पळवायचा तो स्वस्त सरोगेट मॉडेलवर, म्हणजे मोजक्या सिम्युलेशनवरून बाकीचे निकाल झटकन अंदाजणाऱ्या गणिती मॉडेलवर. फुल-वेव्ह राखून ठेवा मॉडेल घडवायला आणि निकाल तपासायला.

मग लोक सरोगेट बनवतात आणि तिथेही गोत्यात येतात. दहा व्हेरिएबल्स, प्रत्येकाची रेंज ऐसपैस, त्यात लॅटिन हायपरक्यूबने (नमुने सगळीकडे सारखे पसरवायची पद्धत) दोनशे नमुने टाकून क्रिगिंग (नमुन्यांवरून मधल्या किमती अंदाजणारं मॉडेल). दहा मितींच्या खोक्याला नुसते कोपरेच १०२४ असतात, दोनशे ठिपके कुठे पुरणार? आधी प्रत्येक उद्दिष्टासाठी वेगळं, एकेरी ऑप्टिमायझेशन करा: एकदा फक्त आकार कमीत कमी, एकदा फक्त बँडविड्थ जास्तीत जास्त. ही झाली फ्रंटची दोन टोकं. बाकीचा फ्रंट बहुधा त्यांच्या मधल्या पट्ट्यातच असतो. तेवढ्याच भागात, थोडी कड सोडून, मॉडेल बनवा. जागा इतकी आकसते की तेच दोनशे नमुने पुरेसे वाटू लागतात.

एवढं करूनही मॉडेल चुकत असेल तर तुम्ही नेमकं कशाचं मॉडेल करताय ते बघा. ८६६ मेगाहर्ट्झवरच्या एस११ ची (अँटेनाकडून किती सिग्नल परत फिरतो त्याचं माप, जितकं उणे तितकं चांगलं) डीबीतली किंमत थेट शिकवायला गेलात तर हाल होतात. एस११ च्या आलेखात रेझोनन्सची दरी अरुंद आणि खोल असते. लांबी अर्धा मिलिमीटर बदलली की ती बाजूला सरकते आणि त्या बिंदूवरची किंमत उणे २५ वरून उणे ६ वर येऊ शकते. याउलट दरी कुठे आहे, किती खोल आहे आणि उणे १० डीबीच्या रेषेला कुठे छेदते, हे आकडे मापांबरोबर बरेच संथपणे बदलतात. ते शिकवा. माझ्या मते बाकी काही न बदलता एवढं केलं तरी निम्मं दुखणं जातं.

जाड मेशचं (अँटेनाचे मोठे-मोठे तुकडे पाडून केलेलं) स्वस्त सिम्युलेशन वापरणं चांगलंच, पण डोळे झाकून नको. दोन-चार डिझाइनवर जाड आणि बारीक मेशचे आलेख शेजारी ठेवा. फ्रीक्वेन्सी दर वेळी साधारण तितकीच सरकत असेल तर दुरुस्ती सोपी; कधी इकडे, कधी तिकडे जात असेल तर ते जाड मॉडेल टाकून द्या.

डीबी आणि चौरस मिलिमीटर वजनं लावून एकत्र बेरजेत घालू नका. फ्रंट आत वळलेला असेल तर त्या भागातली डिझाइन्स कुठल्याही वजनाने सापडणार नाहीत. शिवाय एस११ उणे १० च्या खाली गेला की आणखी खोल करण्यात फारसा अर्थ नाही. ती अट ठेवा, उद्दिष्ट नको.

एक फुटकळ वाटणारी गोष्ट: स्लॉट (कापलेली फट) पॅचच्या, म्हणजे अँटेनाच्या धातूच्या सपाट तुकड्याच्या, बाहेर गेला की भूमिती बिघडते, सिम्युलेशन पडतं आणि स्क्रिप्ट काहीतरी भलताच आकडा परत देते. स्लॉटची लांबी मिलिमीटरमध्ये न देता पॅचच्या रुंदीच्या प्रमाणात द्या.

शेवटी फ्रंटवरची आठ-दहा डिझाइन्स बारीक मेशवर तपासा, फरक निघाला तर ते बिंदू मॉडेलमध्ये घालून पुन्हा एक फेरी मारा. एफआर-४ ची (सर्किट बोर्डाचं नेहमीचं मटेरियल) परमिटिव्हिटी, म्हणजे त्याचा विद्युत गुणांक, ४.४ ऐवजी ४.६ निघाली तर पॅचची फ्रीक्वेन्सी सुमारे २ टक्के खाली येते, म्हणजे इथे १७-१८ मेगाहर्ट्झ. बागेत मांडवाच्या तारा आणि ओली पानं आहेतच. म्हणून काठावर बसणारं डिझाइन निवडू नका. आणि मापन जुळत नसेल तर ऑप्टिमायझरला शिव्या घालण्याआधी केबल बघा: छोट्या ग्राउंडच्या अँटेनाला जोडलेली केबल स्वतःच रेडिएट करते. कनेक्टर आणि थोडी केबल मॉडेलमध्ये घ्या, मोजताना केबलवर फेराइट (केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारं कडं) चढवा.