नारळी पौर्णिमा ते तुळशीचं लग्न: गिनीच्या पिल्लांना खुराड्याची ओढ लावताना

जाळी, दाणा, खुराडं हे सगळं नंतर. आधी कालनिर्णय काढा आणि गिनीच्या (गिनी फाउल, कोंबडीच्या जातकुळीतलं पाळीव पाखरू) पिल्लांना पहिल्यांदा मोकळं सोडायचा दिवस ठरवा. आमच्या गोराईच्या वाडीत मी तो तुळशीच्या लग्नानंतरचा धरते. पावसाळ्यात आभाळ दाटलं की या पाखरांची संध्याकाळ चारलाच होते आणि ती मिळेल त्या झाडावर चढतात. दिवाळीत फटाके. म्हणून मागे मोजत जायचं: जन्मापासून आठ आठवडे आतला मुक्काम, त्याआधी अंडी उबायचे 26 ते 28 दिवस. नारळी पौर्णिमेला अंडी बसवली की हिशेब बरोबर जुळतो.

अंड्यांवर बसवायला खुडूक गावठी कोंबडी मिळाली तर दुसरं काही शोधू नका. गिनी स्वतः आई म्हणून बेफिकीर, पिल्लांना दवाच्या गवतातून फरफटत नेते आणि ती गारठून मरतात. गावठी कोंबडी दिवेलागणीला न चुकता घरी येते आणि तिच्यामागे वाढलेली पिल्लं तेच शिकतात. कोंबडी नसेल तर ब्रूडर, म्हणजे बल्बने ऊब देणारी पेटी, लावा: पहिल्या आठवड्यात 35 अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. आपल्या हवेत तिसऱ्या आठवड्यापासून दिवसा बल्ब लागतच नाही. खाली वर्तमानपत्र नको, पाय फाकतात, गोणपाट घाला. पाण्याच्या पसरट ताटलीत गोटे टाका, नाहीतर एवढुशी पिल्लं त्यात बुडतात. खाद्यात प्रथिनं 24 टक्क्यांच्या आसपास हवीत, टर्कीचा स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य) मिळाला तर उत्तम.

पिसं भरली की थेट कायमच्या खुराड्यात हलवा. आधी एका जागी, मग दुसऱ्या, असं करू नका. घर कुठलं हे त्यांच्या डोक्यात याच आठवड्यांत बसतं. खुराडं उंच हवं आणि आत बसायला दांड्या छातीच्या उंचीवर तरी, कारण गिनीला झोपायला उंचच जागा लागते. ती आत मिळाली नाही तर बाहेर चिंच आहेच. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डेड घ्या आणि वीतभर जमिनीत गाडा. घूस, मुंगूस, धामण यांना षटकोनी जाळी म्हणजे उघडं दारच. आरेच्या पाड्यांकडे राहत असाल तर बिबट्याही धरा, तिथे दाराला नुसती कडी पुरत नाही. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, ही पाखरं केकाटतात आणि त्यावर इलाज नाही.

या आठ आठवड्यांत रोज एकच काम चुकवायचं नाही. संध्याकाळचा दाणा देताना पत्र्याचा डबा वाजवा. आतला दाणा बाजरीचा. बारीक धान्यावर त्यांचा भारी जीव. दिवसभर बाजरी दाखवायचीसुद्धा नाही, ती फक्त डब्याबरोबर, फक्त खुराड्यात.

पहिल्या वर्षी मी चौथ्याच आठवड्यात दार उघडलं. रविवार होता, पाहुणे आले होते, मिरवायची हौस. नऊच्या नऊ जांभळावर जाऊन बसली. सकाळी सहा उरली.

आता सोडते तेव्हा एक किंवा दोन, बाकीची आत. आतली ओरडतात, बाहेरची लांब जातच नाहीत. एकट्या गिनीचा जीव कळपाशिवाय लागत नाही. दोन-तीन दिवसांनी आणखी दोन. वेळ सूर्यास्ताच्या तासभर आधीची, नोव्हेंबरात म्हणजे पाचच्या सुमाराची, आणि पोटं रिकामी. खुराड्यात एक छोटा दिवा आधीच लावून ठेवा. हे लोक विसरतात आणि मग पाखरांना हट्टी म्हणतात. गिनीला अंधारात नीट दिसत नाही, काळोख्या दारातून ती आत शिरत नाही. सगळी दांडीवर बसली की दिवा बंद.

एखादी मागे राहिली तर धावू नका, धावलात की ती झाडावर. दोन लांब बांबू हातात आडवे धरून हळूहळू चालत या, कळप पुढे सरकतो. एक रात्र झाडावर निघाली की दुसऱ्या दिवशीही तीच फांदी आठवते. अशा वेळी सगळ्यांना तीन-चार दिवस परत कोंडून पहिल्यापासून.

कडी लावण्याआधी मोजणी. आमच्याकडे ती सासूबाईंकडे आहे आणि त्यांचं रोज एक जास्त भरतं, कारण गावठी कोंबडी अजूनही त्यांच्याच ओळीत दांडीवर बसते.