लेथ आणण्याआधी

लेथ म्हणजे लोखंड फिरवत ठेवून कातायचं मशीन. घरी आणायची असेल तर तिच्याआधी एक शंभर पानी वही आणा. वर्षभर तालुक्याच्या लेथवाल्याकडे काय नेलं, किती पैसे दिले, किती चकरा झाल्या, ते तिच्यात लिहा. माझ्या वहीत चौदा कामं निघाली, आणि त्यातली नऊ नुसत्या वेल्डिंगची नाहीतर भोकं पाडायची. म्हणून वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि ड्रिल आधी आले, लेथ दोन वर्षांनी. फक्त पैशात मोजाल तर लेथ परवडत नाही, हे आताच सांगून टाकतो. ढोरं उपाशी, चारा कापायचं कुटार मशीन बंद आणि लेथवाला म्हणतो "परवा या", त्या दिवशी ती परवडते.

मग जागा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, आणि वरचा कोबा तिच्यासोबत हलतो. मुरूम लागेपर्यंत खोदा, मुरूम दाबून भरा, मग सळई घालून काँक्रीट. तरी पावसाळा संपला की तपासायचंच: चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, जाड सळई धरून दोन टोकांना बारीक कट मारा आणि मोजा. आकडे जुळले नाहीत तर बेडला, म्हणजे लेथच्या खालच्या लांब पाटाला, पीळ पडला असं समजा.

विजेचं काम मशीन ठरवण्याआधीच उरका. घरी सिंगल फेज 230 व्होल्ट, आणि जुन्या लेथची मोटर बहुधा थ्री फेज 415 ची. एक-दोन एचपीची मोटर असेल तर तिचा डबा उघडून बघा. आत वायरची सहा टोकं असतील आणि पाटीवर डेल्टाला (त्रिकोणी जोडणीला) 230-240 व्होल्ट लिहिलेलं असेल, तर डेल्टा जोडून सिंगल फेजवर चालणाऱ्या व्हीएफडीवर (सिंगल फेजची थ्री फेज करून देणाऱ्या डब्यावर) ती फिरते. वावरातल्या पंपाच्या कनेक्शनवर मात्र लेथ लावू नका. वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते, आणि गावात असली गोष्ट लपत नाही.

मशीनइतकेच पैसे हत्यारांना ठेवा. कुटार मशीनच्या शाफ्टचंच घ्या. त्यावर 6205 नंबरचं बेअरिंग असेल तर आतला व्यास 25 मिलिमीटर. शाफ्टवरची बेअरिंगची बैठक झिजून 24.80 झाली की वेल्डिंगने भरायची आणि परत 25 वर आणायची. इथे 0.02 मिलिमीटरपर्यंत मोजणाऱ्या व्हर्नियरवर भागत नाही, 0.01 चा मायक्रोमीटर हवा. माझा शेवटचा कट जरा जास्त गेला, बेअरिंग बोटाने सरकायला लागलं, आणि सगळं भरणं परत पहिल्यापासून. नागपूरला इतवारीत जाल तेव्हा जुना चक घ्या, चालेल. मोजायचं हत्यार जुनं घेऊ नका.

पावसाळ्यात बेडला तेल लावून सुती कापड टाका. मी पहिल्या वर्षी प्लास्टिकचा कागद टाकला होता. आत वाफ धरली आणि पोळ्यापर्यंत बेडवर तांबूस ठिपके. गळ्यातला दुपट्टा शेडच्या दारातच खुंटीला टांगा, चकची चावी चकमध्ये विसरू नका.

आणायचीच तर दिवाळीनंतर आणा, म्हणजे उन्हाळ्यात टिनाची शेड तापायच्या आत हात बसतो. रोहिण्या लागल्या की वखराच्या पासा (लोखंडी पाती) घेऊन अर्धं गाव दारात उभं राहतं. पैसे घ्यायचे ठरवलं तर घरगुती मीटर चालेल की वेगळं कनेक्शन लागेल, ते वीज कंपनीला आधी विचारा. नाही घ्यायचे ठरवलं तर ते घरच्यांना आधी सांगून ठेवा.