विधी प्राध्यापकी आणि शिक्षणहक्कावरचं संशोधन: नव्यांनी काय सांभाळावं

पात्रतेचा भाग आधी उरकून घेऊ. एलएलएमला (विधीची पदव्युत्तर पदवी) किमान ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५० टक्के) आणि नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्य पात्रता परीक्षा), एवढं सहायक प्राध्यापकपदासाठी लागतं. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. नेटमध्ये पहिला पेपर १०० गुणांचा आणि विधी विषयाचा दुसरा २०० गुणांचा असतो. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न सोडू नका. तासिका तत्त्वावर (सीएचबी) शिकवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तात्पुरती सेवा पुढे धरली जायला रीतसर निवड समिती लागते आणि एकूण वेतन नियमित प्राध्यापकाच्या मासिक वेतनाहून कमी असून चालत नाही. सीएचबीची वर्षं बहुधा इथेच गळतात. अनुभव मिळतो, तो मोलाचाही असतो, पण सेवाकाळ मोजताना त्यावर विसंबू नका.

पीएचडीची मुदत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार किमान तीन आणि साधारण कमाल सहा वर्षं. या काळात बहुतेकांना अडवतो तो विषयाचा आकार. ‘शिक्षणहक्क कायदा: एक चिकित्सक अभ्यास’ असं शीर्षक घेतलं की पहिली तीन प्रकरणं इतिहासातच जातात आणि हाती नवं काही लागत नाही. एक कलम घ्या, एक जिल्हा घ्या, मोजके कागद घ्या. उदाहरणार्थ, कलम १२(१)(ग) खाली खासगी शाळांत दुर्बल आणि वंचित गटांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांवर प्रवेश मिळालेली मुलं पाचवीपर्यंत त्याच शाळेत राहतात का? याला उत्तर सापडू शकतं, आणि ते चुकीचं ठरण्याची शक्यताही आहे. संशोधनाचा प्रश्न असाच हवा.

निवाडे वाचताना सगळ्यांत जास्त घसरगुंडी सर्वोच्च न्यायालयाच्या उन्नीकृष्णन (१९९३) निवाड्यापाशी होते. चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा मूलभूत हक्क, हे त्यातलं तत्त्व टिकलं. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांतल्या प्रवेश आणि शुल्काची जी योजना त्यात आखली होती, ती त्याच न्यायालयाच्या टीएमए पै (२००२) निवाड्यात मोडीत निघाली. अख्खा निवाडा ‘चांगला कायदा’ म्हणून उद्धृत केला की तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच येतो. तसंच सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२च्या निवाड्याने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा शिक्षणहक्क कायद्यातून वगळल्या आणि प्रमती (२०१४) निवाड्यात अनुदानित अल्पसंख्याक शाळाही वगळल्या गेल्या. म्हणून नमुना निवडतानाच शाळेचा अल्पसंख्याक दर्जा तपासा. नाहीतर जो कायदा लागूच नाही, त्याचा भंग तुम्ही मोजत बसाल.

अधिनियम, नियम, शासन निर्णय आणि परिपत्रक यांची उतरंड रोज डोळ्यांसमोर ठेवा. सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिघातल्या खासगी शाळांना २५ टक्क्यांच्या अटीतून सूट देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियमांत केली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती रद्द ठरवली, कारण मूळ अधिनियमात अशी सूटच नव्हती. हे एकच प्रकरण नीट उलगडलं तर वर्गात प्रत्यायुक्त विधान (अधिनियमाने दिलेल्या अधिकारात सरकारने केलेले नियम) शिकवायला दुसरं उदाहरण लागत नाही.

आता खरी रंगत शाळेच्या कार्यालयीन कागदपत्रांत. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असतं, पण ‘का केलं नाही?’ असं विचारलंत तर अर्ज वाया गेला. कायदा अभिलेखात असलेली माहिती देतो, खुलासा देत नाही. ‘अमुक वर्षाच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकांच्या इतिवृत्तांच्या प्रती’ असं नेमकं मागा. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असं कलम २१ सांगतं. विनाअनुदानित शाळांना मात्र ते लागू नाही. प्रती आल्या की सह्या पाहा. प्रत्येक बैठकीला त्याच क्रमाने, एकाच शाईत सह्या आहेत का? ठराव शब्दशः मागच्या महिन्याचाच आहे का? स्त्री सदस्याच्या नावापुढे कुणी दुसऱ्याने सही केली आहे का? यावरून लगेच ‘बनावट’ असं लिहू नका. आधी पालकांना भेटा. बैठक शेतीच्या कामाच्या वेळेत ठेवल्यामुळे सह्या नंतर घरोघरी फिरून घेतल्या, असंही निघतं, आणि हे निरीक्षण आरोपापेक्षा कितीतरी उपयोगाचं असतं. शाळेत जाण्याआधी शिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या. मुलांची नावं टिपणवहीतही सांकेतिक क्रमांकानेच लिहा.

प्रबंध जमा करताना साम्य तपासणीत (मजकूर दुसरीकडून उचलला आहे का, हे सॉफ्टवेअरने पाहणं) १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. कायद्याचा मजकूर आणि संदर्भसूची वगळूनच मोजणी करायची असते, पण सॉफ्टवेअर ते आपोआप वगळेलच असं नाही. अहवालाची प्रत ग्रंथपालांसोबत बसून पाहा. कलमांचे उतारे प्रकरणांत विखुरण्याऐवजी परिशिष्टात टाकलेत तर हे काम अर्ध्या दिवसात होतं.