जुने साहसपट पुन्हा पाहताना

शाळकरी वयात डोळे विस्फारून पाहिलेला साहसपट किंवा अद्भुतपट वीस-तीस वर्षांनी पुन्हा लावला, की अनेकांचा हिरमोड होतो आणि त्याचा दोष चित्रपटाच्या वयावर टाकला जातो. पण पुष्कळदा समोर चालू असतो तो मूळ चित्रपट नसतोच. त्याचे संकलन बदललेले असते, चौकट कापलेली असते आणि उरलेले रूप घरच्या टीव्हीने परस्पर पालटलेले असते. त्यामुळे या कामातली निम्मी मेहनत चित्रपट सुरू होण्याआधीच करावी लागते.

सर्वप्रथम, चित्रपटाविषयी जे आठवते ते चार-पाच ओळींत लिहून ठेवावे. एकदा दृश्ये डोळ्यांसमोरून गेली, की जुनी आठवण त्यांच्याखाली दबून जाते आणि आपल्याला नेमके काय आवडले होते हे नंतर सांगता येत नाही. मालिकेतील दुसऱ्या भागातला प्रसंग आपण वर्षानुवर्षे पहिल्या भागाच्या नावावर जमा केलेला होता, असेही या टिपणामुळे कधीकधी लक्षात येते.

त्यानंतर आवृत्ती ठरवावी. ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. रिडली स्कॉट यांच्या ‘ब्लेड रनर’चे १९८२ मध्ये प्रदर्शित झालेले रूप नायकाच्या निवेदनासह आणि सुखान्त शेवटासह होते, १९९२ च्या आवृत्तीत निवेदन आणि तो शेवट दोन्ही काढले गेले, आणि २००७ मध्ये दिग्दर्शकाने आपल्या पूर्ण नियंत्रणाखाली आणखी एक अंतिम आवृत्ती तयार केली. ज्यांनी पहिली पाहिली आणि ज्यांनी तिसरी पाहिली, ते एकाच चित्रपटाविषयी वाद घालत आहेत असे म्हणणे कठीण आहे. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये १९९७ साली संगणकनिर्मित प्राणी आणि दृश्ये घालण्यात आली. ‘ई. टी.’च्या २००२ च्या आवृत्तीत पोलिसांच्या हातांतील बंदुकांच्या जागी वॉकीटॉकी आले. पुढे दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांना हा बदल रुचेनासा झाला आणि मूळ रूपच पुन्हा पुढे आणले गेले. पहिल्या पुनर्भेटीसाठी मूळ प्रदर्शनाच्या वेळची आवृत्ती मिळाली तर तीच घ्यावी आणि लांबवलेल्या आवृत्त्या नंतरसाठी ठेवाव्यात. त्या बहुधा चाहत्यांचे समाधान करतात, मात्र कथेची चाल मंद करतात. स्ट्रीमिंगवर आवृत्तीचा उल्लेख नेहमीच नसतो. अशा वेळी एकूण कालावधी तपासून अंदाज बांधता येतो. चित्रपट पूर्वी डबिंग केलेल्या रूपात पाहिला असेल, तर या वेळी मूळ भाषेत सबटायटलसह पाहावा, कारण डबिंगमध्ये केवळ संवादच नव्हे तर पात्रांचा स्वभावही बदलू शकतो.

आता टीव्हीकडे वळावे. १९५३ मध्ये सिनेमास्कोप आल्यापासून भव्य साहसपट बहुधा रुंद चौकटीत रचले गेले. २.३५:१ प्रमाणाचे चित्र जुन्या ४:३ टीव्हीवर पूर्ण भरले, की त्याचा जवळजवळ ४३ टक्के भाग बाहेर राहतो; व्हीएचएस कॅसेटवर आपण कित्येक चित्रपट असेच पाहिले. आजच्या १६:९ पडद्यावरही वरखालच्या काळ्या पट्ट्या घालवण्यासाठी झूम केले, तर सुमारे चौथा हिस्सा जातो. त्या पट्ट्या राहू द्याव्यात. नंतर सेटिंगमध्ये जाऊन ‘मोशन स्मूदिंग’ बंद करावे. सोनी त्याला ‘मोशनफ्लो’ म्हणते आणि एलजी ‘ट्रूमोशन’. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे २४ स्थिरचित्रांनी, चालतो आणि ही सुविधा मधल्या चौकटी स्वतः तयार करून घुसवते, त्यामुळे तलवारबाजी दूरदर्शन मालिकेसारखी गुळगुळीत दिसू लागते. असे बदल बंद ठेवणारा ‘फिल्ममेकर मोड’ टीव्हीत असल्यास तो निवडणे पुरेसे असते. फिल्मवरील बारीक दाणे दिसले तर प्रत खराब आहे असे मानू नये. ‘प्रिडेटर’च्या २०१० च्या ब्ल्यू-रे आवृत्तीत ते दाणे इतके घासून काढले गेले, की पात्रांचे चेहरे मेणाचे वाटतात अशी टीका तिच्यावर झाली.

पाहताना मोबाइल दूर ठेवावा आणि पहिल्या वीस मिनिटांत मत बनवू नये. त्या काळातील अनेक चित्रपट धोका पडद्यावर आणण्याआधी जागेचा पूर्ण परिचय करून देतात: दार कोठे आहे, दरी किती खोल आहे, कोण कोणाच्या मागे उभा आहे. नंतरची हाणामारी याच तयारीवर चालते.

चमत्कृतीची दृश्ये आली, की ‘हे खोटे दिसते का’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘हे कसे केले असेल’ असे विचारावे. ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’ (१९६३) मधील सात सांगाड्यांची लढाई पडद्यावर काही मिनिटांतच संपते, पण ती चित्रित करायला चमत्कृतिदृश्यांचे कलाकार रे हॅरीहाउझेन यांना चार महिन्यांहून अधिक काळ लागला. प्रत्येक चौकटीसाठी सांगाड्यांचे हातपाय किंचित हलवायचे आणि आधीच चित्रित केलेल्या अभिनेत्यांच्या तलवारींशी मेळ घालायचा, असे ते काम होते. हालचालीतील तो हलका झटका मला आजही दोष वाटत नाही. मृतांनी सजीवांसारखे सफाईने का चालावे? ‘ज्युरासिक पार्क’ (१९९३) हा संगणकयुगाचा आरंभ मानला जातो, तरी त्यातील डायनासोर पडद्यावर मिळून सुमारे १५ मिनिटेच दिसतात आणि त्यांपैकी संगणकनिर्मित दृश्ये सुमारे सहा मिनिटांची आहेत. उरलेले काम यांत्रिक प्रतिकृतींनी केले. पुन्हा पाहताना हे दोन प्रकार ओळखण्याचा प्रयत्न करावा. पाऊस, अंधार आणि आवाज यांचा आधार कोठे घेतला आहे तेही त्यातून समजते.

काही गोष्टी मात्र खटकतील, आणि त्या खटकू द्याव्यात. ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’ (१९८४) मध्ये १९३५ चा भारत दाखवला आहे. त्यातील राजवाड्यातल्या मेजवानीचा आणि कालीपूजेचा भारताशी फारसा संबंध नाही. भारत सरकारने चित्रीकरणास परवानगी न दिल्यामुळे बाह्यचित्रण श्रीलंकेत झाले. तरीही त्यात अमरीश पुरी यांनी उभा केलेला खलनायक मोलाराम पडद्यावरची नजर हटू देत नाही. चित्रणाचा ठाम निषेध आणि अभिनयाची दाद या दोन्ही गोष्टी एकाच प्रेक्षकाला करता येतात. लहान मुलांसोबत बसणार असाल तर चित्रपट आधी एकट्याने पाहून घ्यावा, कारण जुनी प्रमाणपत्रे फसवी असतात: अमेरिकेतील ‘पीजी-१३’ हा, तेरा वर्षांखालील मुलांबाबत पालकांना सावध करणारा, वर्गच १ जुलै १९८४ पासून सुरू झाला, आणि त्याला कारणीभूत ठरलेल्या चित्रपटांत हाच चित्रपट होता.

शेवटी, आवडलेल्या चित्रपटाच्या पूर्वजांकडे जावे. ‘स्टार वॉर्स’मधील दोन यंत्रमानवांच्या नजरेतून कथा सांगण्याची युक्ती अकिरा कुरोसावा यांच्या ‘द हिडन फोर्ट्रेस’ (१९५८) मधील दोन भांडखोर शेतकऱ्यांवरून आली, हे दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी स्वतः मान्य केले आहे. त्याच्याही मागे १९३६ ची ‘फ्लॅश गॉर्डन’ ही १३ भागांची चित्रमालिका आहे. तिचे हक्क मिळाले नाहीत, म्हणून लुकास यांनी स्वतःची कथा लिहिली. ‘फ्लॅश गॉर्डन’चे सर्व भाग सलग पाहू नयेत, कारण नायक मरणार असे दाखवून भाग तोडायचा आणि पुढच्या भागात त्याला सोडवायचे ही रीत आठवड्याच्या अंतरासाठी घडवलेली होती. एका बैठकीत एकच भाग पाहावा आणि दुसरा निदान दुसऱ्या दिवसावर ठेवावा.