नाशिकमध्ये पाच फुटी खाऱ्या पाण्याची टाकी बसवायची तर: मासे आणायच्या आधीची तयारी

मासे कुठले घ्यायचे हा विषय आत्ता बाजूला ठेवा. मी माझ्या पहिल्या टाकीला आधी मासे पसंत केले, उरलेल्या पैशात फिल्टर बसवला आणि दोन महिन्यांत चार मासे गेले, म्हणून कळकळीने सांगतोय. खाऱ्या पाण्यात पैसा आणि डोकं दोन्ही आधी संप (टाकीखालची फिल्टरची छोटी टाकी), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), पाणी आणि विजेच्या सोयीवर लावायचं.

जागा आधी ठरवा. ५ बाय २ बाय २ फुटाच्या टाकीत काठोकाठ साधारण ५६५ लिटर पाणी मावतं, त्यात १२ एमएम काच, दगड, वाळू, स्टँड आणि खालचा संप धरला तर सगळं ९०० किलोच्या घरात जातं, आणि राहत्या घराच्या स्लॅबला साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर एवढाच वापराचा भार धरलेला असतो. तळमजला असेल तर प्रश्नच नाही, पण फ्लॅट वरच्या मजल्यावर असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवाच आणि टाकी बीमच्या बाजूला, भिंतीला लागून ठेवा, हॉलच्या मधोमध नको. स्टँड सातपूर-अंबडकडच्या एखाद्या फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपचा करून घ्या आणि पावडर कोटिंग सांगायला विसरू नका, कारण मिठाचे शिंतोडे साध्या रंगाला वर्षभरात पोखरतात. खिडकीचं थेट ऊन पडेल अशी भिंत टाळा, शेवाळ आवरत नाही.

आता पाणी. मुंबईहून कॅन भरून समुद्राचं पाणी आणायचा विचार अजिबात करू नका, किनाऱ्याजवळच्या पाण्यात काय काय असतं ते आपल्या हातात नाही. नळाचं पाणी घ्यायचं, ते आरओ आणि त्याच्या पुढे डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषणारे दाणे) काढायचं आणि टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर, शून्य आलं की मगच मत्स्यटाकीसाठीचं मीठ घालायचं. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी पुरेल असं वाटतं, पण त्यात तीस-चाळीस टीडीएस सहज उरतो आणि तो पुढे शेवाळाच्या रूपात दिसतो. पावसाळ्यात गोदावरीला पाणी वाढलं की नळाला गढूळ येतं, तेव्हा गाळ अडवणारी सेडिमेंट कँडल आधीच आणून ठेवा. संप धरून माझ्याकडे एकूण ६०० लिटर पाणी आहे, लिटरला ३६ ग्रॅमच्या हिशोबाने पहिल्या भरणीलाच २१-२२ किलो सी सॉल्ट लागलं, आणि दर बदलीला दहा टक्के म्हणजे ६० लिटर तयार पाणी लागतं, म्हणून एक फूड ग्रेड ड्रम आणि त्यात फिरवायला छोटा पंप यादीत लिहाच. मीठ पाण्यात घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, आणि एक दिवस फिरू द्यायचं. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, तो ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) सोल्युशनवर सेट करा, टाकीच्या पाण्याची सापेक्ष घनता १.०२५ च्या आसपास हवी.

फिल्ट्रेशनमध्ये सगळ्यात जास्त वेळ संपवर घालवा. टाकीच्या मागच्या कोपऱ्यात ओव्हरफ्लो, तिथून पाणी खाली संपमध्ये, तिथून रिटर्न पंपाने परत वर, इतकं साधं आहे. पण लाइट गेली की पंप थांबतो आणि टाकीतलं वरचं पाणी खाली येत राहतं. या मापाच्या टाकीत एक सेंटीमीटर पाणी म्हणजे नऊ लिटरपेक्षा जास्त, तीन सेंटीमीटर उतरलं की झाले २८ लिटर, आणि तेवढी रिकामी जागा संपमध्ये नसेल तर ते फरशीवर. माझ्याकडे रात्री दोनला हेच झालं, रिटर्नच्या पाइपचं तोंड पाण्यात खोल होतं आणि सायफन लागून पाणी उलटं येत राहिलं, सकाळी सोफ्याखाली पाय ठेवला तर चिकट खारं पाणी. तेव्हापासून रिटर्नचं तोंड पृष्ठभागाच्या जरा खाली ठेवतो आणि पाइपला पाण्याच्या पातळीलाच एक बारीक भोक पाडतो, तिथून हवा शिरली की सायफन तुटतो. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या चेक व्हॉल्व्हवर एकट्यावर विसंबू नका, त्यात कचरा अडकतो.

म्हणून मीठ घालायच्या आधी साध्या पाण्याने टाकी भरा, दिवसभर चालवा आणि मग मेन स्विच बंद करून बघत बसा. पाणी उतरायचं थांबलं की संपच्या काचेवर मार्करने रेघ मारा, परत चालू करा, परत बंद करा, तीन वेळा. पूर आला की आपण गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला कुठपर्यंत पाणी लागलंय ते बघतो ना, तशी ही रेघ, पंप चालू असताना संप जास्तीत जास्त किती भरायचा ते या रेघेवरून ठरतं.

संपचे कप्पे असे: पहिल्यात २०० मायक्रॉनचा फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी), जो दर दोन-तीन दिवसांनी धुवायचाच, नाहीतर अडकलेली घाण तिथेच कुजते. दुसऱ्यात प्रोटीन स्किमर. इथे काटकसर करू नका, आपल्याकडे जितके लिटर पाणी आहे त्याच्या किमान दीडपट लिटरसाठी कंपनी सांगते असा घ्या. खाऱ्या पाण्यात बारीक बुडबुडे टिकतात, घाण त्यांना चिकटून फेसाबरोबर वरच्या कपात चढते, म्हणजे कुजून अमोनिया-नायट्रेट व्हायच्या आत ती पाण्याबाहेर जाते. आठवड्याने कप उघडला की तळाशी उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहासारखं गडद पाणी असतं, वास नको वाटतो, पण ते बघून मला खरंच समाधान वाटतं. स्किमरच्या कप्प्यातली पातळी हलायला नको, म्हणून पुढे काचेची आडवी पट्टी पाहिजेच. त्यानंतर दगड किंवा सिरॅमिक मीडिया, कार्बनची पिशवी, आणि शेवटी रिटर्न. रिटर्न पंप ताशी एकूण पाण्याच्या चार-पाच पट पुरे, बाकीचा प्रवाह टाकीतले दोन वेव्हमेकर (पाणी ढवळणारे छोटे पंप) देतील. कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्याचा फिल्टर गोड्या पाण्याला चांगला, इथे तो वेळेवर उघडला नाही तर नायट्रेट वाढवत बसतो. पितळी नळ, तांब्याचं फिटिंग कुठेच नको, खेकडे आणि झिंगे मरतात.

दगडांबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलतो. आपल्या समुद्रातले कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ते काढणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. कोणी "ओरिजिनल लाइव्ह रॉक (समुद्रातून काढलेला, बॅक्टेरिया बसलेला दगड) आहे, घेऊन जा" म्हणालं तरी घेऊ नका. कोरडा किंवा सिरॅमिकचा दगड घ्या, बॅक्टेरिया त्यावरही तसेच बसतात, फक्त वेळ जास्त लागतो.

नाशिकचं हवामान दोन्ही टोकाला जातं. निफाडला पारा पाच-सहावर आला की आपल्याकडेही पहाटे हॉल गार पडतो, आणि मे महिन्यात दुपारी चाळीस. पाणी मात्र २५-२६ वर ठेवायचंय. त्यामुळे पाणी गार करणारा चिलर आणि हीटर दोन्ही लागतात. हीटर ४०० वॅटचा एक घेण्यापेक्षा २०० चे दोन घ्या, एखादा चालूच राहिला तरी टाकी उकळत नाही, आणि वर वेगळा थर्मोस्टॅट लावा. चिलर कॅबिनेटमध्ये कोंबू नका, त्याची गरम हवा बाहेर जायला हवी, माझा बाल्कनीत आहे. उन्हाळ्यात माझ्या टाकीतून रोज सात-आठ लिटर पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ-डीआय पाण्याने, त्यासाठी ऑटो टॉप-अप बसवलात तर गावाला जाता येईल.

लाइट गेल्यावर टाकी चालवायला घरच्या इन्व्हर्टरवर भार टाकू नका, वेगळा साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी घ्या. रिटर्न पंप आणि एक वेव्हमेकर मिळून ६५ वॅट धरले आणि निम्मीच बॅटरी वापरायची म्हटली तरी दहा-बारा तास निघतात. चिलर त्यावर जोडायचा नाही. बोर्डाला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावून घ्या आणि प्रत्येक वायरीला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न शिरता खाली टपकेल.

टेस्ट किटमध्ये अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि अल्कलिनिटी एवढी सुरुवातीला पुरे. मीठ घातल्यावर बाटलीतला अमोनिया २ पीपीएमपर्यंत घालून सायकल, म्हणजे अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया वाढवणं, सुरू करा, चार ते सहा आठवडे धरा, घातलेला अमोनिया एका दिवसात शून्य आणि नायट्राइटही शून्य आला की झालं. या काळात बाजूला शंभर लिटरची साधी क्वारंटाइन टाकी (नवे मासे वेगळे ठेवायला) लावा, त्यात स्पंज फिल्टर आणि हीटर. पहिली जोडी शक्यतो पैदास केलेल्या क्लाउनफिशची घ्या, दुकानदाराला तसं विचारूनच, आणि ती चार आठवडे तिथेच ठेवा, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके (रोगाची खूण) दिसतात का ते रोज टॉर्च मारून बघा.