शाफ्टवरच्या रेघा कशा वाचायच्या आणि तशाच कशा काढायच्या

वरुडकडे माझी लेथ आहे. रोटाव्हेटर, फवारणी पंप, कडबा कुट्टी, जुनी डिझेल इंजिनं, हेच काम जास्त. झिजलेला शाफ्ट टेबलावर ठेवला की गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, एकदम चकाचक करून देजो." चमक काय, पॉलिश पेपर धरला की येते. पण कारखान्यात त्या जागेला जे फिनिश, म्हणजे पृष्ठभागावरच्या बारीक रेघांची ठेवण, दिलेलं असतं ते कामासाठी असतं. ते ओळखल्याशिवाय टूल लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

आधी पार्ट डिझेलने धुऊन कोरडा पुसा आणि न झिजलेली जागा शोधा. ऑइल सीलच्या, म्हणजे शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कड्याच्या, ओठाने खोबण पाडलेली असली तरी तिच्या दोन्ही बाजूंना मूळ रेघा बऱ्याचदा शाबूत सापडतात. टॉर्च आडवा धरून तिरपा उजेड टाका आणि भिंगातून पाहा. लेथची रेघ सलग, मळसूत्रासारखी, सारख्या अंतराची असते. ग्राइंडिंगच्या रेघा बारीक, आखूड, तुटक. शेपरच्या (टूल सरळ पुढे-मागे चालणारं मशीन) सरळ समांतर, मिलिंगच्या (फिरता कटर) कमानीसारख्या. लॅपिंग केलेल्या, म्हणजे बारीक पेस्टने घासलेल्या, पृष्ठभागावर ठरावीक दिशाच दिसत नाही. जुन्या ड्रॉइंगवर त्रिकोण असतात, जितके जास्त तितकं फिनिश बारीक. नव्यावर आर-एचा, म्हणजे सरासरी खरबडीतपणाचा, आकडा मायक्रॉनमध्ये असतो.

मोजायचं यंत्र नसेल तर स्वतःचा नमुना दांडा बनवा. ईएन-८ (मध्यम कार्बनचं स्टील) चा तुकडा घ्या, प्रत्येक इंचावर फीड (एका फेऱ्यात टूल जितकं सरकतं ते अंतर) बदला, कडेला पंचने आकडा मारा. नख रेघांना आडवं फिरवून आधी जुना पार्ट, मग नमुना, असं ताडून पाहा. टर्निंग टर्निंगशीच ताडायचं, ग्राइंडिंगशी नाही. हिशेबही सोपा आहे: फीडचा वर्ग भागिले टिपच्या नोज रेडियसची (टूलच्या टोकाच्या गोलाईची त्रिज्या) आठपट. ०.२ मिमी फीड आणि ०.४ चा नोज असेल तर रेघेची उंची साडेबारा मायक्रॉन येते. ०.१ फीड आणि ०.८ चा नोज घेतला तर दीडच्या आसपास. हा कागदावरचा आकडा झाला. स्पीड कमी पडला तर माइल्ड स्टील टूलच्या टोकाला चिकटतं आणि पृष्ठभाग फाटल्यासारखा निघतो. कार्बाइड टिप असेल तर ४० मिमीच्या शाफ्टला ८०० आरपीएमच्या आसपास चालवा, म्हणजे मिनिटाला १०० मीटर पडतात.

सर्वांत जास्त तक्रारी ऑइल सीलच्या जागेच्या. तिथे आर-ए ०.२ ते ०.८ हवा. खरबडीत असेल तर ओठ झिजतो, आरशासारखी असेल तर ओठाखाली तेलाची फिल्म टिकत नाही आणि ओठ जळतो. पण आकड्याइतकीच महत्त्वाची आहे रेघेची दिशा. मळसूत्री रेघ राहिली की शाफ्ट फिरताना तेल पंपासारखं बाहेर ढकलू शकतो. नवीन सील टाकूनही गिअरबॉक्स गळतो आणि दोष सीलवर जातो. म्हणून बारीक कट घेताना दोन-तीन शतांश मिमी शिल्लक ठेवा. सीलच्या जागेपेक्षा रुंद एमरीची पट्टी घ्या, तिच्यामागे सपाट कानस धरून सरळ दाबा, डावी-उजवीकडे सरकवू नका. मध्ये एकदा फिरण्याची दिशा उलटी करा. पट्टी बोटांना गुंडाळायची नाही, हातमोजे घालायचे नाहीत आणि लेथचा बेड आधी झाकायचा.

आता दोऱ्याची परीक्षा. शाफ्ट लेथच्या दोन सेंटरमध्ये लेव्हलला बांधा, तेलाचा पातळ हात फिरवा, शिवणाचा दोरा त्यावरून घालून खाली एक छोटा नट लटकवा. मिनिटाला साठेक फेरे ठेवा. दोरा एका बाजूला सरकला आणि उलटं फिरवल्यावर विरुद्ध बाजूला गेला, तर मळसूत्र अजून शिल्लक आहे. दोन्ही वेळा एकाच बाजूला गेला, तर शाफ्टला टेपर आहे (एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक) किंवा तो लेव्हलला बांधलेला नाही. जागेवरच थांबला तर सील बसवा. मोठं काम असेल तर सरळ प्लंज ग्राइंडिंगला (चाक बाजूला न सरकवता सरळ आत घेतात) पाठवावं, तोच खरा उपाय.

याउलट इंजिनच्या लाइनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, जाळीदार तिरकस रेघा लागतात, त्यांच्यात तेल धरलं जातं. लाइनर गुळगुळीत चकचकीत झाला असेल तर होनिंग करा, म्हणजे घासायचे दगड लावलेला होन आत फिरवा. होन वर-खाली फिरवण्याचा वेग वाढवला की रेघांचा कोन उभट होतो. नंतर नुसतं डिझेल पुरत नाही. पांढरं फडकं पांढरंच राहीपर्यंत गरम पाणी आणि साबणाने धुवा, लगेच तेल लावा.

वरचा थर ओळखायला संत्र्याच्या बागेसाठी घरात ठेवलेला मोरचूद कामी येतो. पार्टवरचं तेल-चिकट पूर्ण काढून मोरचुदाच्या पाण्याचा एक थेंब टाका. उघडं लोखंड लगेच तांबूस होतं, जस्त काळं पडतं, हार्ड क्रोम तसंच राहतं. हायड्रॉलिक रॉडवर तांबूस ठिपके उठले तर तिथलं क्रोम गेलं. ते आपल्या वर्कशॉपचं काम नाही, क्रोमचं द्रावण विषारी असतं, प्लेटिंगवाल्याकडेच द्या. थेंब लगेच धुऊन टाका, नाहीतर गंज धरतो.

काळा बोल्ट पुन्हा काळा करायचा असेल तर निळसर होईपर्यंत तापवून जुन्या इंजिन ऑइलमध्ये बुडवा, उघड्यावर, कारण धूर खूप होतो. स्प्रिंग, गिअर, हार्ड बोल्ट यांना हे करू नका, पाणी (कडकपणा) उतरतं. जस्त चढवलेल्या पार्टलाही नाही, त्याची वाफ छातीत जाते.