हाताच्या ब्लॉकची तयारी: सुईचं पाकीट फोडण्याआधी

हाताचा ब्लॉक म्हणजे नर्व्हभोवती औषध टोचून फक्त हात सुन्न करणं. त्याच्या तयारीच्या यादीची सुरुवात औषधांच्या ट्रॉलीपासून करू नका. आदल्या दिवशीच सर्जनला गाठा आणि तीन गोष्टी विचारा: छेद कुठून कुठपर्यंत जाणार, टुर्निके (रक्त अडवणारा पट्टा) बांधणार का, आणि वेळ किती लागेल. ऑपरेशन थिएटरच्या यादीत नुसतं 'हाताचं फ्रॅक्चर' लिहिलेलं असतं. खांद्याजवळचं हाड आणि मनगटाजवळचं हाड दोन्ही त्यात बसतात, पण दोघांचा ब्लॉक एक नाही.

मग एका कोऱ्या कागदावर ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नर्व्हचं जाळं, काढा. मी अजूनही काढतो, नव्या रेसिडेंटला हसू येतं, येऊ दे. मानेतून सी-५ ते सी-८ आणि छातीतून टी-१ अशी पाच मुळं, त्यांचे तीन ट्रंक (खोड), सहा डिव्हिजन (फाटे), तीन कॉर्ड (जुड्या) आणि शेवटी हाताकडे जाणाऱ्या नर्व्ह. परीक्षेत ही नावं घडाघडा म्हणता आली की काम भागतं. टेबलापाशी मात्र सुई प्लेक्ससच्या कोणत्या टप्प्यावर थांबते, यावर काय सुन्न होणार आणि काय जागं राहणार हे ठरतं. त्या कागदावर छेदाची रेघ ओढा, ती कोणाकोणाच्या हद्दीतून जाते ते बघा, आणि तिथून उलटं मानेकडे चालत या.

इंटरस्केलीनमध्ये, म्हणजे मानेतल्या ब्लॉकमध्ये, पुढच्या आणि मधल्या स्केलीन स्नायूंच्या फटीत सी-५, सी-६, सी-७ एकाखाली एक दिसतात, सिग्नलच्या दिव्यांसारखे. खांद्याला हा ब्लॉक उत्तम. पण खालचा ट्रंक बऱ्याचदा सुटतो आणि करंगळीच्या बाजूला पेशंटला सगळं कळत राहतं. म्हणून मनगटासाठी तो निवडणं म्हणजे स्वतःहून फजिती ओढवून घेणं. कोपर आणि त्याखालच्या कामाला सुप्राक्लॅव्हिक्युलर, म्हणजे कॉलरबोनच्या वरचा ब्लॉक, बरा. तिथे पहिल्या बरगडीवर सबक्लेव्हियन धमनीच्या बाहेरच्या अंगाला सगळा प्लेक्सस दाटीने बसलेला असतो, सोनोवर द्राक्षांचा घड दिसावा तसा. धमनी आणि बरगडी यांच्या बेचक्यात औषध पोचलं नाही, तर अल्नर (करंगळीच्या बाजूची नर्व्ह) हुकते. बरगडीच्या खाली प्लुरा, म्हणजे फुफ्फुसाचं आवरण. १९११ साली जर्मनीत कुलेनकाम्फने हा ब्लॉक आधी स्वतःवर करून पाहिला. बोटाला लागणारा धमनीचा ठोका आणि सुईला लागणारी बरगडी, एवढ्यावर त्याची भिस्त होती. आज पडद्यावर प्लुरा चकाकताना दिसते खरी, पण सुईचं टोक दिसत नसेल तर आपण त्याच्यापेक्षा फार पुढे गेलो असं समजू नका. टोक हरवलं की सुई जागच्या जागी थांबवायची आणि प्रोब हलवून ते शोधायचं. सुई पुढे ढकलून शोध घ्यायचा नाही.

काखेतला ब्लॉक प्लुरापासून लांब, म्हणून निर्धास्त. मीडियन, अल्नर आणि रेडियल या तिन्ही नर्व्ह काखेतल्या धमनीभोवतीच सापडतात. मस्क्युलोक्युटेनियस मात्र सवतासुभा मांडून कोराकोब्रॅकियालिस स्नायूत असते. तिला वेगळं औषध दिलं नाही, तर कोपराखालची अंगठ्याकडची बाजू जागी राहते. दंडाच्या आतल्या बाजूची काही त्वचा तर प्लेक्ससच्या हिशेबातच नाही. ती टी-२ मधून येणाऱ्या इंटरकोस्टोब्रेकियल नर्व्हकडे, तिथे त्वचेखाली वेगळं औषध पसरावं लागतं. तेवढ्याने टुर्निकेचं दुखणं संपेल अशी आशा मात्र ठेवू नका. ते दाबलेल्या स्नायूंतूनही येतं, आणि लांबलेल्या केसमध्ये सेडेशनची (गुंगीच्या औषधाची) तयारी लागतेच.

आता पेशंट. नेहमीच्या २० मिली मात्रेत इंटरस्केलीन दिला, की त्या बाजूची फ्रेनिक नर्व्ह (डायफ्रॅम, म्हणजे श्वासाचा पडदा, हलवणारी) जवळजवळ प्रत्येक वेळी त्यात सापडते आणि अर्धा डायफ्रॅम काम थांबवतो. धडधाकट माणसाला बहुधा पत्ताही लागत नाही. जुना दमेकरी, किंवा दुसऱ्या बाजूचा डायफ्रॅम आधीच गेलेला असा कोणी असेल, तर हा ब्लॉक कागदावरच खोडा. पापणी जड होईल, आवाज घोगरा होईल, हे आधी सांगून ठेवा. नंतर सांगितलं की ते सारवासारव वाटतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि इंजेक्शनं, शेवटचा डोस कधी, हे तारीख-वेळेसकट लिहा. काखेत रक्त आलं तर दाबून धरता येतं. कॉलरबोनखाली, इन्फ्राक्लॅव्हिक्युलर ब्लॉकच्या खोलीवर, दाबायला जागा नाही.

हात तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. दंडाच्या हाडाच्या मध्यावर फ्रॅक्चर असेल तर रेडियल नर्व्ह हाडाला लगटून जात असते आणि अपघातातच दुखावलेली असू शकते. माझ्या एका पेशंटचं मनगट ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी उचललं जाईना. फ्रॅक्चरमुळे, प्लेटमुळे की माझ्या सुईमुळे? कागदावर आधीची एक ओळही नव्हती. ती लिहायची राहिली होती माझ्याकडून. हात हळूहळू सुधारला, पण तोवरचे आठवडे त्याच्या नातेवाइकांसमोर उभं राहणं जड गेलं. तेव्हापासून मनगट वर, अंगठा-करंगळी जुळव, बोटं फाकव, हे तिन्ही करून घेतो आणि तिथेच लिहितो. मधुमेह्याला आधीपासून मुंग्या येत असतील तर त्याही.

औषधाचा हिशेब वजनावरून, आणि तोंडी नाही. पेशंट ५० किलोचा, ब्युपिव्हॅकेन (सुन्न करणारं औषध) किलोला २ मिलिग्रॅम धरलं तर १०० मिलिग्रॅम. ०.५ टक्क्यात एका मिलीत ५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे २० मिली, संपलं. सर्जन शेवटी जखमेच्या कडेला जे टोचतो तेही याच २० मधून. लिग्नोकेन हे दुसरं सुन्न करणारं औषध मिसळलं म्हणून दोन्हींची पूर्ण मर्यादा मिळत नाही, विषबाधेत त्यांची बेरीजच होते. सिरिंजवर लेबल आधी, औषध मागाहून. क्लोरहेक्सिडीनची (त्वचा पुसायच्या जंतुनाशकाची) वाटी ब्लॉकच्या ट्रेवर ठेवायचीच नाही, त्वचा पुसून झाली की ती बाहेर. आणि त्वचा वाळू द्या.

लिपिड २० टक्के, म्हणजे सुन्न करणाऱ्या औषधाच्या विषबाधेवर द्यायची पांढऱ्या दुधासारखी ती बाटली, कुठे आहे हे 'असेल कपाटात' या उत्तरावर सोडू नका. स्वतः हातात घेऊन मुदत वाचा. ५० किलोच्या पेशंटला पहिला डोस किलोला १.५ मिली, म्हणजे ७५ मिली, दोन-तीन मिनिटांत. पुढे किलोला दर मिनिटाला ०.२५ मिली, म्हणजे साडेबारा. हे दोन आकडे ट्रॉलीवर चिकटवून ठेवा. जिभेला धातूची चव, कानात गुणगुण, उगाच चाललेली बडबड ही विषबाधेची पहिली चाहूल असते, म्हणून टोचताना पेशंटशी बोलत राहायचं. ऑक्सिजन, आंबू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी), ट्यूब, सक्शन तयार. अ‍ॅड्रिनलिन लागलंच तर नेहमीपेक्षा छोट्या डोसात, किलोला १ मायक्रोग्रॅमच्या आत. व्हेनफ्लॉन (शिरेतली सलाइनची नळी) दुसऱ्या हाताला. मॉनिटर ब्लॉकच्या आधी लावायचा.

सोनोसाठी लिनिअर प्रोब, खोली कमी, आणि सुई शिरणार त्या वाटेवर एकदा कलर डॉपलर. सुप्राक्लॅव्हिक्युलरमध्ये प्लेक्ससमधूनच आडवी जाणारी धमनी अधूनमधून भेटते, आणि डॉपलरशिवाय ती अगदी नर्व्हसारखीच काळी गोल दिसते. बहुतेक हातांना ५० मिलिमीटरची बोथट टोकाची सुई पुरते. स्टिम्युलेटर (नर्व्हला विजेचा हलका झटका देणारं यंत्र) लावलात आणि ०.२ मिलीअँपियरच्या खालीही बोटं उडत असतील, तर सुई मागे घ्या. टोक नर्व्हच्या आत असू शकतं. सहकाऱ्याला सांगून ठेवा: दर ३ ते ५ मिलीनंतर सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का बघायचं, दाब लागला किंवा पेशंट कळवळला की थांबायचं, विचारायचं नाही.

बाजू चुकायला वेळ लागत नाही, विशेषतः पेशंट वळवल्यावर किंवा मध्ये कोणी बोलायला आल्यावर. ब्रिटनमध्ये यासाठी 'स्टॉप बिफोर यू ब्लॉक' ही सवय लावली गेली: टोचण्याच्या अगदी आधी दोघांनी मिळून सर्जनची खूण आणि संमतीपत्र पाहायचं. सकाळी चेकलिस्टवर टिक झाली होती, म्हणून ही पायरी गाळायची नाही.

नंतर घाई नको. निदान अर्धा तास पेशंटवर नजर ठेवा. वीसेक मिनिटांनी चार चाचण्या: कोपर सरळ करून ढकल, म्हणजे रेडियल. वाकवून ओढ, म्हणजे मस्क्युलोक्युटेनियस. तर्जनीच्या टोकाला चिमटा मीडियनसाठी, करंगळीच्या टोकाला अल्नरसाठी. एखादी जागी असेल तर कोपराच्या आसपास तेवढीच पकडायची, आणि तिच्यासाठी ३ ते ५ मिली पहिल्या हिशेबातच बाजूला राखून ठेवलेले असावेत. वॉर्डात पाठवताना हात झोळीत घाला. गरम काही जवळ ठेवू नका असं नातेवाइकांना सांगा. दुखण्याच्या गोळीची वेळ सिस्टरच्या कागदावर ब्लॉक उतरण्याच्या आधीची लिहा, पेशंट झोपलेला असला तरी उठवून द्यायची.